बाळंतिणीचा उंबरा

गाडी आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सासरच्या भावकीत अजून कुणीतरी निघतंच, 'गाडीची हौस नडली' म्हणणारं. हौस कसली डोंबलाची! सकाळी निरोप आला की जालन्याच्या पुढं राहणारे आमचे मामा गेले, माती अकराला आहे. एसटीची वाट बघत बसलो असतो तर मामांचं तोंडसुद्धा दिसलं नसतं. म्हणून माझ्या धाकट्या भावानं शेजाऱ्यांची जुनी फियाट मागून आणली आणि आम्ही दोघं औरंगाबादहून निघालो. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा औरंगाबादच होतं.

भाऊ म्हणजे माझा पहिला मुलगाच. आईवडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. माझं लग्न झालं आणि तो माझ्याबरोबर सासरी आला, तो तिथंच वाढला. माझ्या नवऱ्यानं भावाला कधी शब्दानं दुखवलं नाही, पण मी मात्र त्याला फार बोलायची. प्राथमिक शाळेतली मास्तरीण मी, घरी आले तरी छडी खाली ठेवायची सवय नव्हती. पंचविसाव्या वर्षी तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर लागला. आठ-आठ तास उभ्यानं काम.

माती झाल्यावर मामी म्हणाल्या, "विहिरीवर दोन तांबे घ्या नि मग निघा." मयतीहून अंघोळ केल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. पण भावाला संध्याकाळची पाळी होती. मीच म्हटलं, "अंघोळ घरी करू. वाटेत कुणाच्या घरी थोडंच जायचंय आपल्याला!"

करमाड मागं पडलं होतं. तेव्हा शेंद्र्याला कारखाने नव्हते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती ज्वारी आणि कापूस. दुपारचे तीन वाजले असतील. मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते आणि मामांच्या आठवणीनं डोळे पुसत होते. ज्वारीतून एक म्हैस सरळ रस्त्यावर आली. भावानं गाडी वळवली. एवढंच मला दिसलं. मग चारीत गाडी गेल्याचा दणका, बाभळीवर आपटल्याचा दुसरा दणका, आणि मग एकदम काही नाही. म्हैस तर कुठल्या कुठं निघून गेली.

माझा ओठ फुटला होता, गुडघा सोलटला होता. भाऊ स्टिअरिंगवर पुढं झुकलेला. कपाळातून रक्त ओघळत नाकावरून खाली येत होतं. मी "अरे बाळा, अरे बाळा" करत बाहेर पडले आणि त्याच्या बाजूचं दार ओढून उघडलं. तेवढ्यात शेजारच्या रानातून तीन गडी पळत आले. त्यातला फेटेवाला वयानं मोठा होता. तो म्हणाला, "आधी भायेर काढा त्याला. खाली बसवा. पाणी पाजा."

आपल्याकडं हीच रीत. माणूस पडला की आधी उचलून बसवायचं, पाणी पाजायचं, तळपाय चोळायचे. त्या गड्याचं काही चुकलं नव्हतं. मीच पहिल्यांदा भावाच्या बगलेत हात घातला आणि म्हटलं, "ओढा!"

बगलेतून उचलताच भाऊ मागं सीटला टेकला आणि ओरडला. लहानपणी हात मोडला तेव्हाही तो तसा ओरडला नव्हता. "ताई, मान... मानेत काय तरी..."

आणि त्याच वेळी मागून एका बाईचा आवाज आला, "हात लावू नका त्याला! कुणीच हात लावू नका!"

रस्त्यापासून चाळीसएक पावलांवर एक घर होतं, दोन खणांचं, पुढं गोठा. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत एक तरुण बाई उभी होती. डोक्याला घट्ट फडकं गुंडाळलेलं, कानात कापूस. ती तिथूनच ओरडत होती, पण पाऊल बाहेर टाकत नव्हती. माझा असा भडका उडाला म्हणून सांगू! मला वाटलं, पोलिसांची भानगड नको म्हणून ही शहाणी माझ्या भावाला रक्तात पडू देतेय. मी लंगडत तिच्याकडं धावले. "तुझा भाऊ असता तर अशी दारात उभी राहून तमाशा बघत बसली असतीस का गं?"

ती चिडली नाही. म्हणाली, "ताई, मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बाळंतपणाला माहेरी आलेय. नऊ दिवस झालेत, बाहेर येता येत नाही मला. तुम्ही फक्त मी सांगते ते करा. त्याची मान मोडली असली आणि तुम्ही त्याला ओढलंत, तर तो जन्मभर उठणार नाही. कळतंय का? पाय जातील, हात जातील. आता जा आणि आधी गाडीची चावी फिरवून बंद करा. पाणी देऊ नका, कुणालाही देऊ देऊ नका."

मी परत पळाले.

फेटेवाल्यानं तोवर तांब्या आणला होता. तो भावाच्या तोंडाला लावायच्या बेतात होता. मी तांब्याला असा फटका दिला की पाणी त्याच्याच धोतरावर सांडलं. "खबरदार कुणी हात लावला तर!" तिघंही माझ्याकडं बघत राहिले. दोन मिनिटांपूर्वी हीच बाई 'ओढा' म्हणत होती, आता हिला काय भूत लागलं, असं त्यांना वाटलं असणार. मी चावी फिरवली. पेट्रोलचा वास येत होता. मी त्यांना विड्या विझवायला लावल्या.

मग माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दारात गेले की ती विचारायची, मी परत गाडीशी यायची, बघायची, पुन्हा दारात. श्वास नीट चाललाय? चाललाय. बोलतोय? बोलतोय, पण रडतोय. त्याचं नाव विचारा, आज वार कोणता विचारा. सांगितलं, बरोबर सांगितलं. कपाळाचं रक्त? धुतलेलं फडकं घडी करून दाबून धरा, पुसत बसू नका, उचलून बघू नका. फडकं तिच्या आईनं आतून फेकलं. आई तिच्या मागंच उभी होती, साठीची, काटक, कपाळावर आडवं कुंकू.

"पायाची बोटं हलवायला सांगा," नर्स म्हणाली. "चप्पल काढून बघा. दोन्ही पायांची. आणि तळव्याला काडी टोचा, कळतंय का विचारा."

त्या चाळीस पावलांत मी किती देव बोलावले! गाडीत वाकून त्याच्या चपला काढल्या. "बोटं हलव रे राजा." डाव्या पायाची हलली. उजव्याची नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही. काडी टोचली. "टोचतंय का?" तो म्हणाला, "कुठं टोचतेस तू? मला काही कळत नाही."

मी दारात गेले. बोटानंच खूण केली, एक आहे, एक नाही. तिनं मान हलवली. चेहरा तसाच ठेवला, पण मी वर्गात चाळीस पोरांचे चेहरे वाचणारी बाई, मला कळलं.

"कुणीतरी मागच्या सीटवर बसा," ती म्हणाली. "दोन्ही तळहात त्याच्या कानांवर ठेवा. डोकं आहे तसंच धरा, इकडंतिकडं हलू देऊ नका. गाडी मिळेपर्यंत."

फेटेवाला म्हणाला, "म्या धरतो." चांगला माणूस, बसला मागं. पण त्याला बोलण्याची सवय. प्रत्येक वाक्याला त्याचे हात हलायचे, आणि हाताबरोबर माझ्या भावाचं डोकं. भाऊ कण्हायला लागला. मी त्याला उठवलं आणि स्वतः बसले. धरलं. पण माझे हात थरथरायला लागले. मी दात आवळले, श्वास रोखला, मनात पाढे म्हटले, काही केल्या थांबेनात. भाऊ म्हणाला, "ताई, उजव्या हाताला मुंग्या आल्यात."

मी जागेवरूनच ओरडले, "हाताला मुंग्या आल्यात म्हणतोय! आणि माझे हात थरथरतायत!"

उंबऱ्यात त्या नर्सनं डोक्याचं फडकं आवळलं. मग तिनं आईकडं वळून म्हटलं, "माय, मी जाते."

"व्हय, जाती!" आईनं दारात हात आडवे लावले. "नऊ दिसाची बाळंतीण उन्हात जाती म्हणं! अंगात वारं भरंल, दूध आटंल. जायाचं नाय."

"माय, त्या बाईचे हात थरथरतायत. तिला नाही जमणार. तो पांगळा होईल."

मी भावाचं डोकं फेटेवाल्याकडं पुन्हा दिलं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही अशी शपथ घालून, आणि दाराकडं पळाले. त्या म्हातारीच्या पाया पडायलाच पळाले होते मी. पण उंबऱ्याच्या अलीकडं थांबले. कामून थांबले, ते माझं मलाच ठाऊक होतं. मामांच्या देहाला हात लावून, त्यांच्या तोंडात पाणी घालून मी आले होते. अंगावर पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. अशा अंगानं बाळंतिणीपाशी उभं राहायचं नसतं. नऊ दिवसांच्या लेकरापाशी तर नाहीच नाही.

म्हातारी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होती. चुरगळलेलं लुगडं, विस्कटलेले केस, सुजलेले डोळे.

"कुठून आलाव तुमी?" तिनं विचारलं. "खरं सांगा बाई. मयतीबियतीहून तर नाय ना?"

एवढं सरळ विचारलं तिनं. तिला तिच्या नातवंडाची काळजी होती, आणि ती काळजी खोटी नव्हती. मीही तसंच विचारलं असतं. माझ्या पोरांच्या वेळी तर मी आल्यागेल्याला उंबऱ्यावर पाय धुवायला लावले होते.

मी म्हटलं, "नाही हो. जालन्याला पोरगी बघायला गेलो होतो. याच्यासाठी."

शब्द अडखळलासुद्धा नाही. वर आणखी म्हटलं, "पोरगी पसंत पडली होती." का म्हटलं देव जाणे. खोटं बोलताना माणूस जरा जास्तच वाढून घेतो.

म्हातारीनं माझ्या कपाळाचं कुंकू बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि हात खाली घेतले. "जाय," ती लेकीला म्हणाली. "डोस्क्यावरून पदर घेऊन जाय. लवकर ये."

ती बाई आली. टाके होते बिचारीला, पाय ओढत चालत होती. माझ्या अंगाला अंग घासून ती मागच्या सीटवर बसली आणि तिनं त्याचं डोकं धरलं. मी ते हात बघितले. खुंटी ठोकावी तसे ते स्थिर झाले. "दादा, मी सांगेपर्यंत हो की नाही करताना मान हलवायची नाही, तोंडानं बोलायचं," तिनं त्याला बजावलं. मग तिथं बसल्या बसल्या तिनं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. एका गड्याला रस्त्यावर उभं केलं, जीप थांबवू नको, जीपमध्ये आडवं झोपवता येत नाही, टेम्पो थांबव म्हणून. फेटेवाल्यानं बाज आणली, तर म्हणाली, "बाज नको, मधे झोळ पडतो. सपाट फळी पाहिजे." शेवटी गोठ्याचं फळ्यांचं दार बिजागरीतून काढलं.

आणि घरात बाळ रडायला लागलं.

आधी थोडं कुरकुरलं, मग भोकाड पसरलं. म्हातारी त्याला खांद्यावर घेऊन आतल्या आत फेऱ्या मारत होती, दारातून दिसत होती. नर्सनं तिकडं मान वळवली नाही. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरत गेले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बाळ थांबेना. मी तिच्या शेजारी उभी. एकीकडं माझा भाऊ, एकीकडं ते लेकरू. मी मनात म्हणत होते, देवा, जे काय व्हायचं ते माझं होऊ दे, त्या लेकराला काही करू नको. आणि लगेच दुसऱ्या मनात म्हणत होते, पण हिला उठवू नको इथून. इतकी मी मतलबी झाले होते. सांगायला तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं.

टेम्पो आला तो रिकामा होता, औरंगाबादलाच चालला होता. चालवणारा मुसलमान होता, दाढीवाला, मोठ्या अंगाचा. त्यानं एकदा आत डोकावून बघितलं आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, "बाजी, फिकर नक्को करो. डालो इनकू पीछे."

बाहेर काढताना नर्सनं प्रत्येकाला जागा वाटून दिली. एकानं कंबर, एकानं पाय, टेम्पोवाल्यानं खांदे. "मी तीन म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि तीनला सगळ्यांनी एकदम." फळी सीटला टेकवली. एक, दोन, तीन. भाऊ कळवळला, पण डोकं तिच्या हातातून केसभर हललं नाही. फळीवर आडवा केल्यावर तिनं आईला ज्वारीच्या दोन पिशव्या भरून आणायला लावल्या आणि त्या कानांच्या दोन्ही बाजूंना दाबून ठेवल्या. माझ्याच पदराची पट्टी फाडून कपाळावरून फळीला बांधली. ती पट्टी बांधताना तिचे हात माझ्या लुगड्याला लागत होते, आणि मी डोळे मिटून घेतले.

मग तिनं माझं मनगट धरलं. "दवाखान्यात गेल्यावर पहिला शब्द 'मान' म्हणायचा. कपाळातलं रक्त बघून सगळे डोक्याच्या मागं लागतील. तुम्ही ओरडायचं, मान लागलीय, उजवा पाय हलत नाही, किती वाजता लागलं ते सांगायचं. पट्टी डॉक्टरशिवाय कुणाला सोडू द्यायची नाही. ओरडायला येतं ना तुम्हाला?"

"येतं," मी म्हटलं.

"ते बघितलं मघाशी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मग पाय ओढत घराकडं गेली.

टेम्पोवाल्यानं वीस किलोमीटर बैलगाडीच्या चालीनं गाडी नेली. खड्डा आला की आधी ओरडून सांगायचा. मी दवाखान्याच्या दारातच 'मान, मान' म्हणून एवढा गिल्ला केला की वॉर्डबॉयनं कानावर हात ठेवले. मानेचा मणका तडकला होता. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, तुटली नाही. ओढून काढला असता तर तुटली असती. वजनं बांधून दीड महिना झोपवलं त्याला. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. मी त्या अंगठ्याला धरून वॉर्डभर ऐकू जाईल अशी रडले.

तो चालायला लागेपर्यंत चार महिने गेले. या चार महिन्यांत त्या घरी निरोपसुद्धा पाठवला नाही मी. नवरा म्हणायचा, "अगं, देवासारखी धावून आली ती बाई, जाऊन ये." मी आज शाळा, उद्या परीक्षा करत राहिले. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. भावालाही नाही. मला भीती वाटत होती. दारात गेले आणि पाळणा दिसला नाही तर? मी या असल्या गोष्टी वर्गात पोरांना अंधश्रद्धा म्हणून शिकवायची. पण रात्री त्या बाळाचं रडणं कानात यायचं, आणि शिकवलेलं सगळं कुठल्या कुठं जायचं.

शेवटी भावानंच हट्ट धरला. मी झबली, कुंची, नर्सला लुगडं, तिच्या आईला खण असं सगळं घेतलं. करमाडच्या अलीकडं एसटीतून उतरलो. भाऊ मानेला पट्टा बांधून, उजवा पाय जरासा टाकत, पण स्वतःच्या पायानं त्या दारात गेला. आणि आत पाळणा होता. पाळण्यात गुबगुबीत पोरगी, मुठी चोखत पडलेली. माझ्या जिवातला काटा निघाला. मी भिंतीला टेकून बसले.

नर्स सासरहून चार दिवसांसाठी आली होती. तिनं भावाला चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं मोजायला लावली, आणि टाळ्या पिटल्या. म्हातारीनं चहा ठेवला. भावाच्या पायाकडं बघत ती कौतुकानं म्हणाली, "मग? जालन्याची ती पोरगी कव्हा आणताव घरी? पसंत पडली व्हती म्हणं."

भाऊ हसला. "कुठली पोरगी, मावशी? आम्ही तर मामाच्या मातीहून येत होतो त्या दिवशी."

चहा उकळत होता, तो तसाच उकळत राहिला. नर्सनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. भावाला काही उमगेना, तो आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. नाहीतर तुम्ही तिला येऊ दिलं नसतंत."

म्हातारी म्हणाली, "व्हय. नसतंच येऊ दिलं." तिनं भावाच्या उजव्या पायाकडं पुन्हा बघितलं. "त्या राती पोरगी फणफणली व्हती तापानं. दोन दीस. म्या लेकीला बोल लावले, उन्हात कामून गेलीस म्हणून. दोन दीस तिला घालूनपाडून बोलले म्या. अन् ती गप ऐकत व्हती."

नर्स म्हणाली, "माय, बाळांना येतो ताप. सोड." पण म्हातारी उठली. चुलीवरचा चहा तिनं खाली उतरवला. मग पाळण्याशी गेली, नातीला उचललं, आणि माझ्या समोरून पुढं जाऊन तिला भावाच्या मांडीवर ठेवलं. "मान सांभाळून धर रे," त्याला म्हणाली.

मी हात पुढं केलेले होते. ते मी तसेच मागं घेतले आणि पदरात लपवले.